डोंगरावर कुत्र्याला मनाई

कोबर्ग, मेलबर्न
१७ फेब्रुवारी १९९२

प्रिय ग्लेनिस,

पाकिटावरचं नाव वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कॉलिनने फोन केला की पाच मिनिटांत तुमच्यापैकी एकजण फोन आपटतो, म्हणून म्हटलं, या वेळी मीच लिहावं. कॉलिनला विचारलं तर म्हणाला, "लिही, पण मला दाखवू नकोस."

ईस्टरच्या सुट्टीत टेगन आणि लॅकी आमच्याकडे आहेत. आमच्या दोन खोल्यांत ती कंटाळतात, म्हणून डोंगरात जायचं ठरवतो आहोत. पोरपंकाला नदीकाठी एक लाकडी कॉटेज मिळतं आहे. कॉलिनला कुणीतरी सांगितलं, जागा छान आहे, मुलांना नदीत खेळता येतं, वर बफेलो डोंगर आहे. मालकीणबाई कुत्र्यांनाही येऊ देतात. म्हणून विचारते, स्पॅनरला आमच्याबरोबर पाठवाल का? ख्रिसमसला लॅकी त्याच्यासाठी फार रडला. दाराजवळच्या पायपुसण्यावर जाऊन झोपायचा आणि "पॅनल, पॅनल" करायचा. मला बघवलं नाही.

आणखी एक. लॅकीला गाडी लागते का? टेगनला थंडीचे कपडे आहेत, की मी घेऊ? मला मुलांची सवय नाही, तेव्हा प्रश्न वेडगळ वाटले तर हसा, पण उत्तर द्या.

आपली,
हेदर

शेपर्टन
२५ फेब्रुवारी

हेदर,

लॅकीला गाडी लागते. मर्टलफर्डपर्यंत गप्प बसतो, वळणं सुरू झाली की ओकतो. रिकाम्या पोटी आणू नका आणि भरल्या पोटीही नको. मधलं काय ते तुमचं तुम्ही शोधा, मला चार वर्षांत सापडलेलं नाही. टेगनला कपडे आहेत. तिच्या आईने घेतलेले.

कुत्रा मिळणार नाही. स्पॅनरचं परक्या जागी पोट बिघडतं.

तुम्ही माझा नवरा नेलात, त्याबद्दल मी कधी कुणाजवळ तक्रार केली नाही. म्हणजे केली, साऱ्या शेपर्टनजवळ केली, तुमच्याजवळ केली नाही एवढंच. निम्म्या सुट्ट्या मुलं नेता, तो कोर्टाचा हुकूम आहे. कुत्र्याबद्दल कोर्ट काही बोललेलं नाही.

ते कॉटेज हिरव्या पत्र्याच्या छपराचंच ना? मागचं दार जरा वर उचलून ढकला, नाहीतर कडी बसत नाही. खाटेचा खिडकीकडचा पाय आखूड आहे, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा असेल. तो मी घातलाय. कॉलिनला "कुणीतरी" सांगितलं म्हणे! आम्ही लग्नानंतरचे सहा ईस्टर त्याच खाटेवर काढले. त्याला विचारा, त्या कुणीतरीचं नाव काय.

ग्लेनिस ट्रेविन
(आडनाव मी अजून बदललेलं नाही. मुलांचं तेच आहे.)

कोबर्ग
२० मार्च

ग्लेनिस,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कॉटेज रद्द केलं. कॉलिनला विचारलं तर म्हणाला, "जागा चांगली आहे, त्यात काय एवढं?" त्याला खरंच त्यात काही वाटत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. मग मी ब्राइटपासून हॅरिएटव्हिलपर्यंत सगळीकडे फोन केले. ईस्टरला एक खाट रिकामी नाही, आणि जिथे आहे तिथे लहान मुलं नकोत. शेवटी त्याच मालकीणबाईंना पुन्हा फोन करून ओशाळत जागा परत घेतली. त्यांनी नाव विचारलं. "मिसेस ट्रेविन" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई, ग्लेनिस! किती वर्षांनी गं!"

मी दुरुस्त केलं नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल, म्हणून लिहिते आहे.

खाट बदलून द्यायला मी सांगणार आहे.

राहिला स्पॅनर. त्याचं पोट बिघडतं हे खरं नाही. टेगन फोनवर म्हणाली की त्याने तुमचा अख्खा साबण खाल्ला आणि नुसती ढेकर दिली. खरं कारण दुसरं काही असेल तर तुमचं तुमच्याजवळ ठेवा. पण टेगनने मला स्वतःहून विचारलंय, "स्पॅनर येईल का?" तिने मला आजवर कधी काही विचारलेलं नाही. तिला नाही म्हणणं माझ्या जिवावर येतंय.

हेदर

शेपर्टन
२ एप्रिल

हेदर,

टेगनने माझ्याशी बोलणं टाकलंय. काल शाळेतून आली आणि कुत्र्याला म्हणाली, "आईला सांग, मला भूक लागलीय." सात वर्षांची आहे. हा हेका तिच्या बापाकडून आलाय असं मी म्हणते, माझी आई वेगळं म्हणते.

न्या कुत्रा.

मुलं तुमच्याकडून परत येतात तेव्हा त्यांच्या केसांना तुमच्या शाम्पूचा वास येतो. सफरचंदासारखा. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी आधी त्यांची डोकी धुते. स्पॅनर जसा जाईल तसाच परत आला पाहिजे, त्याला शाम्पू लावायचा नाही. दुपारी एकदाच जेवतो. टेबलावरचं द्यायचं नाही, लोळून दाखवेल, तरी नाही. एकटं ठेवायचं नाही, दारं कुरतडतो. आणि बफेलोवर कुत्र्याला मनाई आहे, ते राखीव रान आहे. कॉलिनला माहीत आहे. सगळं चांगलं माहीत आहे त्याला.

ग्लेनिस

पोरपंका
(चित्राचं कार्ड: धुक्यातला कडा)

आई,
आम्ही बफेलोवर गेलो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. हॉर्न म्हणजे सगळ्यात वरचा दगड आहे, त्याला लोखंडी कठडा आहे आणि वरून सगळं जग दिसतं. बाबांनी लॅकीला खांद्यावर घेतलं. लॅकी एकदाच ओकला, बाबांच्या टोपीत. हेदर आली नाही. स्पॅनर मजेत आहे. हेदरचा पास्ता तुझ्यासारखा नाही, मी तिला सांगितलं.
टेगन

शेपर्टन
४ मे

हेदर,

तुम्ही माझ्या कुत्र्याला काय केलंत?

आल्यापासून तो फाटकाशी बसून आहे. तुमच्यासारखी पांढरी स्टेशन वॅगन दिसली की उठतो, शेपटी हलवतो, गाडी पुढे गेली की पुन्हा बसतो. आमच्या रस्त्यावर पांढऱ्या स्टेशन वॅगन किती आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं. जेवणाला तोंड लावत नाही. काल हाताने भरवायला गेले तर माझ्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. नऊ वर्षं सांभाळलाय मी त्याला. पिल्लू होता तेव्हा माझ्या स्वेटरच्या बाहीत मावायचा. घर मोडलं तेव्हा माझ्याशेजारी कोण बसलं होतं? तो. कॉलिन सामान नेत होता तेव्हा त्याच्यावर गुरगुरलं कोण? तोच.

मांस चारलंत ना त्याला? चॉप्स? मी इतकं बजावून सांगितलं होतं.

टेगनच्या कार्डावरून समजलं, बाईसाहेबांनी डोंगरावर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. बूट खराब होतील म्हणून? मुलांना डोंगर दाखवायला नेता आणि आपण खाली बसून दुसऱ्याचा कुत्रा फितवता! आता एक सांगून ठेवते. मुलं येतील तेव्हा येतील, कुत्रा पुन्हा येणार नाही.

ग्लेनिस

कोबर्ग
१९ मे

ग्लेनिस,

चॉप्स दिले नाहीत. टेबलावरचंही काही दिलं नाही. एकदा टोस्टची कड दिली, ती कबूल करते.

झालं ते सांगते. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे बफेलोला निघालो, स्पॅनरही. फाटकाशी कुत्र्याच्या चित्रावर लाल फुली मारलेली पाटी होती. कॉलिनने गाडी थांबवली आणि म्हणाला, "अरेच्चा, विसरलोच!" मागे वळून मला कॉटेजवर सोडलं. "आज तू थांब गं याच्याजवळ. उद्या मी थांबतो." मी म्हटलं, ठीक. दुसऱ्या दिवशी मुलांना हॉर्नवर पुन्हा जायचं होतं आणि रस्ता त्याला माहीत होता. तिसऱ्या दिवशी धबधबा. मग लॅकीला खांद्यावर घेऊन चालायची त्याला सवय झाली होती आणि मला ते जमलं नसतं. रोज काही ना काही असायचं. कॉलिन लबाडी करत नव्हता. त्याच्या लक्षातच येत नव्हतं, एवढंच. बूट मी नवे घेतले होते, ग्लेनिस. चालायचे, जाड तळव्यांचे. त्यांना अजून माती लागलेली नाही.

सगळी सुट्टी मी आखली. कॉटेज मी शोधलं, मुलांसाठी पावसाळी कोट मी शिवले, तुमची बोलणी मी खाल्ली. आणि सगळी सुट्टी मी काढली नदीकाठच्या एका सपाट दगडावर, तुमच्या कुत्र्याबरोबर. संध्याकाळी ती तिघं गाल लाल करून यायची, एकमेकांना चिमटे काढत, दिवसभरातल्या गोष्टींवर हसत. मला त्यातलं काही कळायचं नाही. टेगन म्हणायची, "तू असायला हवं होतंस." आणि मग जेवताना, "आई पास्त्यात चीज आधी घालते." आई बटाटे असे कापते. आई पांघरूण पायाखाली दुमडते. तुम्ही तिथे नव्हतात, तरी माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त होतात. मी स्पॅनरलाच सांगायचे सगळं. तो कान हलवायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरली. मी निघून चालले होते. कॉलिनसाठी चिठ्ठीसुद्धा ठेवणार नव्हते. स्पॅनरला एकटं ठेवायचं नाही असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून त्याला दोरी लावली आणि दोघं वँगरट्टाच्या बसला जाऊन उभे राहिलो. बस आली. ड्रायव्हर म्हातारा होता. माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. म्हणाला, "बाई, तुम्ही या. तो नाही येऊ शकत."

मी म्हटलं, "तो माझा नाही हो."

"मग ज्याचा आहे त्याला देऊन या," तो म्हणाला. "मी थांबतो जरा."

आणि खरंच थांबला, इंजिन चालू ठेवून. कुणाला देणार होते? तुम्ही शेपर्टनला, ती तिघं डोंगरावर. मी त्याला हाताने खूण केली, जा म्हणून. बस गेली. मी तिथेच फुटपाथवर बसून रडले आणि स्पॅनरने पूर्ण वजन माझ्यावर टाकलं, तुम्हाला माहीत असेल तो कसा रेलतो ते. मग परत आलो. मुलं यायच्या आत मी बॅग रिकामी केली आणि पास्ता केला. चीज आधी घातलं.

हे कॉलिनला माहीत नाही. तुम्हाला का सांगते आहे कोण जाणे. कुत्रा मी फितवला नाही. आम्हाला दोघांनाच मागे ठेवलं होतं, दुसरं काही नाही.

एक विचारते. ते सहा ईस्टर तुम्ही तिथे होतात, तेव्हा तुम्ही वर गेला होतात का?

हेदर

शेपर्टन
११ जुलै

हेदर,

"उद्या मी थांबतो" हे वाचलं आणि तुझं पत्र टेबलावर उपडं ठेवून मी बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. सगळे घालून झाले, तेव्हा कळलं की ते धुतलेलेच नव्हते.

तुला आता तू म्हणते. वयानं तू लहान आहेस, आणि आपल्यात आता उरलंय काय तुम्ही म्हणण्यासारखं?

नाही गेले. एकदाही नाही. पहिल्या वर्षी दुसरा कुत्रा होता, म्हातारा, त्याला चालवत नव्हतं. मग स्पॅनर पिल्लू होता. मग टेगन पोटात, मग टेगन दुपट्यात. दरवर्षी उद्या. बफेलोचा कडा मी फक्त भांडी घासायच्या मोरीवरच्या खिडकीतून बघितलाय. तो संध्याकाळी आधी केशरी होतो आणि मग एकदम राखाडी. हो ना? मी शेपर्टनमध्ये सगळ्यांना सांगायचे, आम्ही दरवर्षी बफेलोला जातो म्हणून. तुला लिहिलं तेव्हाही त्याच तोऱ्यात लिहिलं. तुला टोचावं म्हणून मनाईचं सांगितलं, आणि पुढचं सांगितलं नाही. पुढचं मला स्वतःलाच कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, माझीच वेळ जुळत नाही.

पण तू मला लगेच मैत्रीण समजू नकोस. तुझं पत्र वाचून माझं पोट दुखायचं थांबलेलं नाही. उलट आणखी एका गोष्टीसाठी दुखायला लागलं. तो सपाट दगड, नदी वळते तिथला, अर्धा उन्हात अर्धा सावलीत, तो माझा होता. तिथे बसून मी जे जे बोलले ते फक्त स्पॅनरने ऐकलंय. नवरा गेला, सुट्ट्या गेल्या, ते मी गिळलं. पण तिथे एकटं बसणंसुद्धा तुलाच मिळावं? याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. हसू नकोस.

स्पॅनर आता जेवतो. फाटकाशी बसतो, पण आता मीही खुर्ची घेऊन जाते. त्याला माझ्याशी भांडण नव्हतं. त्याला बहुतेक काळजी होती की तू बस पकडलीस का.

जानेवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलं परत तुमच्याकडे आहेत. तेच कॉटेज घे. मी एका दिवसासाठी येईन, रात्री राहणार नाही, शेपर्टनहून सकाळी निघून येईन. तू, मी आणि मुलं वर जाऊ. कुत्र्याजवळ कॉलिन थांबेल. हे तू सांग त्याला. मी सांगितलं तर फोन आपटेल.

ग्लेनिस

कोबर्ग
३ ऑगस्ट

प्रिय ग्लेनिस,

काल जेवताना सांगितलं. त्याचा काटा हवेतच राहिला.

"कोण कोण जाणार?"

"मी, ग्लेनिस, टेगन, लॅकी."

"तुम्ही दोघी? एकत्र?"

"हो."

"आणि मी?"

"तू आज थांब," मी म्हटलं. "उद्या मी थांबते."

त्याला काहीच आठवलं नाही गं. नुसता घाबरलेला दिसत होता. मग म्हणाला, "वर काय बोलणार तुम्ही माझ्याबद्दल?" मी म्हटलं, तुझ्याबद्दलच बोलू असं कशावरून? ते त्याला जास्त लागलं. पण तयार झालाय.

दगडाबद्दल मी हसले नाही. मलाही त्याच दगडावर कुणी दुसरी बसलेली कळली असती, तर असंच वाटलं असतं. आता कळली आहेच.

कॉटेज घेतलं. ईस्टरला मालकीणबाई भेटल्याच नव्हत्या; फोनवर म्हणाल्या, "ग्लेनिस, आवाज बसलाय का तुझा?" या वेळी मी त्यांना सांगितलं, मी दुसरी. त्या म्हणाल्या, "मग पहिली बरी आहे ना?"

हेदर

शेपर्टन
२४ जानेवारी १९९३

प्रिय हेदर,

त्या दिवशी नीट पोचले. गाडीत पाय इतके आखडले होते की घराच्या पायऱ्या बसून चढले. आई म्हणते, या वयात कसले डोंगर! तिला सांगितलं, वरचा तेवढा दगड चढायचा होता, बाकी रस्ता गाडीचाच आहे. गोमाशा किती चावल्या ते सांगितलं नाही.

दिवसभर मी तुझ्याशी नीट बोलले नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते. समोरासमोर मला जमत नाही.

हॉर्नवर टेगन आपल्याला सगळं दाखवत होती, हा अमका कडा, तो तमका, बाबा म्हणतात पलीकडे बर्फ असतो, तेव्हा तुझा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. त्या कठड्याला धरून आपण दोघी, एवढ्या थोराड बायका, एका पोरीकडून ऐकत होतो की जग कुठे कुठे आहे. मला वाटलं होतं, वर पोचल्यावर मी रडेन किंवा काहीतरी मोठं बोलेन. मला तहान लागली होती. तू बाटली पुढे केलीस, आणि मी आधी माझीच शोधली.

मग उतरताना लॅकी घसरला.

मी त्याच्या पुढे चार पावलांवर होते, तू मागे चार पावलांवर. मी वळले, हात पसरले. तो उठला, गुडघ्याकडे बघितलं, रक्त बघून ओठ काढले आणि वळून तुझ्याकडे धावला. चढणीवर. माझ्याकडे उतार होता, हेदर. त्याला माझ्याकडे येणं सोपं होतं.

तू त्याला लगेच उचललं नाहीस. आधी माझ्याकडे बघितलंस, घेऊ का, असं. तू विचारलंस याचा मला जो राग आला तो त्याच्या धावण्याचाही नव्हता आला. मी म्हणाले, "घे की, रडतोय तो," आणि पुढे चालायला लागले. मी लघवीला म्हणून झुडपात गेले, तेव्हा लघवीला गेले नव्हते. तुला कळलं असणार. तू टेगनला मोठ्याने गाणं म्हणायला लावलंस.

खाली आलो तर कॉलिन पायरीवर बसला होता. स्पॅनरने त्याची एक चप्पल खाल्ली होती. "किती वेळ लावलात!" म्हणाला. "दिवसभर करायचं काय माणसाने इथे?" तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि तुला जे हसू फुटलं ना, ते पाहून मलाही आवरलं नाही. तो बिचारा विचारत राहिला, काय झालं, काय झालं. चांगला आहे तो. मी त्याला परत घेणार नाही, पण चांगला आहे. त्याला आता दर सुट्टीत एक दिवस तिथे बसवत जा.

परतीच्या वाटेवर एकटीच गाडी चालवताना मी सगळा हिशेब पुन्हा मांडला, तुझ्याकडे काय गेलं आणि माझ्याकडे काय राहिलं. मर्टलफर्डपर्यंत तू चोर होतीस. वँगरट्टाला मी पेट्रोल भरायला उतरले आणि तिथे एका पोराला त्याची आई दटावत होती, तेव्हा माझ्या मनात आलं, त्या उतारावर मी नसते आणि लॅकी पडला असता, तर त्याने कुणाकडे धावावं असं मला वाटलं असतं? गाडीत बसले. उत्तर मिळालं होतं, पण ते मला आवडलं नाही. अजून आवडत नाही. ते आवडायला लागेल असं मी तुला वचन देत नाही.

मुलं परवा आली. डोकी धुतली, सवय आहे. लॅकीच्या गुडघ्याला खपली धरली होती. आज न्याहारीला बसल्या बसल्या त्याने ती काढली, खालचं गुलाबी कातडं बघून खूश झाला आणि म्हणाला, "हेदरला दाखवायचंय."

मी म्हटलं, हेदर लांब आहे, लिहून कळवते.

कळवलं.

ग्लेनिस